ऑडिटर काका

“कॉम्प्युटर फार स्लो झालाय हो,” हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात मोठ्याने बोलू नये. बोललात, की संध्याकाळी ऑडिटर काका दारात हजर. बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह.

हल्लीची पोरं “फॉरमॅट मारा” म्हणून मोकळी होतात. काकांना त्याचा मनस्वी तिटकारा. “हिशेब जुळत नाही म्हणून काय वह्या जाळायच्या?”

मग एकट्या डाव्या हाताने कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, आणि टास्क मॅनेजर उघडतो. स्टार्टअपची यादी पूर्वी एमएसकॉन्फिगमध्ये असायची. 2012 साली विंडोज 8 आलं आणि ती इथे उघड्यावर आली, याचं काकांना अजून वाईट वाटतं. ज्ञान असं कुणाच्याही हाती लागू नये. एकेक नाव ते खड्या आवाजात पुकारतात.

“हा प्रिंटरचा अपडेटर. प्रिंटर कुठाय?”

“तो केव्हाच भंगारात दिला.”

“माणूस रिटायर, आणि पगार चालू!”

एव्हाना घरच्यांची नजर ‘एसव्हीसीहोस्ट’वर पडते. एकाच नावाचे इतके जण? व्हायरस! काका हात वर करून सगळ्यांना शांत करतात. “तो घरचाच. विंडोजच्या सर्व्हिसेस त्याच्याच जिवावर चालतात. फक्त पत्ता तपासायचा. सिस्टम-32 मध्ये राहतो ना? मग चिंता नाही. पण अक्षरं मागेपुढे करून ‘एससीव्हीहोस्ट’ लिहिलं असेल, तर समजा तोतया.”

खरा संशयित या यादीत सापडतोच असं नाही. मग पेन ड्राइव्हमधून ‘ऑटोरन्स’ निघतं. ते ज्यांनी लिहिलं त्या मार्क रुसिनोविच यांचं नाव घेताना काका कानाच्या पाळीला हात लावतात. रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल यांची ही हत्यारं इतकी नामी, की 2006 साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. रजिस्ट्री, सर्व्हिसेस, कुठून कुठून काय आपोआप सुरू होतं, सगळं एका पडद्यावर. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी काका आधी लपवतात. उरलेल्यांत एक बेनामी निघतो: प्रकाशकाचं नाव नाही, सही नाही, मुक्काम ॲपडेटाच्या कुठल्याशा फोल्डरात.

“पीडीएफ जोडायचं फुकट काही घेतलं होतं?”

यजमान चप्पल शोधू लागतात.

काका मात्र डिलीट करत नाहीत. नुसती टिक काढतात. “आधी निलंबन. बडतर्फी चौकशीनंतर.”

रीस्टार्ट. काका मनगटावरच्या घड्याळात बघत बसतात. मशीन झटक्यात उठतं, घरात आनंदीआनंद होतो आणि काकांचा चेहरा जरासा पडतो. एवढ्यात संपलं?

वहिनी पानं घ्यायला लागतात.

“माझं वाढू नका, वहिनी,” काका चष्मा पुन्हा नाकावर ओढतात, “शेड्यूल्ड टास्क बघितलेच नाहीत अजून.”