मारव्याची दुसरी बाजू

अनवट रागाचं नाव निघालं की मी लगेच तोंड उघडत नाही. समोरच्याला आधी त्याचं सगळं भांडार मांडू देतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव, एक निषादाचा बिहागडा, खट, संपूर्ण मालकंस असं करत करत त्याची झोळी रिकामी झाली, की चष्मा पुसत सहज विचारतो, "त्यांची घरगुती मैफलीतली बहादुरी तोडी ऐकली असेलच तुम्ही?" ऐकलेली नसते. ती कुणी ऐकलेली नसावी याची मी बरीच वर्षं काळजी घेतलेली आहे. मग त्या माणसाचा चेहरा हळूहळू उतरतो. त्या उतरण्यातला विलंबित आणि द्रुत दोन्ही मला फार आवडतात.

संग्रह ऐकण्यासाठी करतात, असा संग्रह नसलेल्या लोकांचा समज असतो. गाणं ऐकायला आकाशवाणी पुरते. 1952 पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागत आला, तो ऐकून कितीतरी माणसं फुकटात तयार झाली. संग्रह लागतो तो दुसऱ्याकडे नसलेलं आपल्याकडे असावं म्हणून. आमची ही अधूनमधून म्हणते, "अहो, एवढं जमवलंय, तर त्यातलं एखादं लावा तरी!" तिला कसं सांगावं, की लावायला वेळ कुठंय? याद्या करायच्या असतात. राग, ताल, साथीदार, साल, आणि कुणाकडून मिळालं ते सांकेतिक अक्षरांत. त्या अक्षरांचा अर्थ अलीकडे मलाही लागत नाही, इतकी ती सुरक्षित आहेत.

आमच्यात उतरंडही आहे. सगळ्यात वर लाखेच्या तबकड्यांवाले. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, की लगेच तबकडी पालटा आणि सुई बदला. ही माणसं रागापेक्षा तबकडीच्या नंबरावर जास्त बोलतात. पण त्यांच्या मालापुढे हात जोडावेच लागतात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्या मिनिटांत झिंझोटीतली ठुमरी अशी गाऊन ठेवली, की ती ऐकून गदगच्या पोरसवदा भीमसेननं घर सोडलं. आमच्याकडे अडीच तासांचं गाणं ऐकून लोक फार तर सभागृह सोडतात. तेही भैरवीच्या आधी, चपला सापडाव्यात म्हणून.

त्यांच्याखाली एलपीवाले. मग स्पूलवाले, ज्यांच्या मते पहिला नंबर त्यांचाच, कारण त्यांच्याकडचं कधी बाजारात आलेलंच नसतं. मग आम्ही कॅसेटवाले. आणि सगळ्यात खाली हार्ड डिस्कवाली नवी मंडळी, ज्यांच्याकडे सगळं असतं आणि म्हणून ज्यांना कुणी विचारत नाही. मी या सगळ्या पायऱ्यांवर बसून आलो आहे आणि प्रत्येक पायरीवरून खालच्यांकडे बघितलं आहे.

एलपीच्या काळात माझ्या निष्ठेची परीक्षा अमीर खाँसाहेबांनी घेतली. त्यांच्या त्या प्रसिद्ध एलपीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा सूर्य बुडतानाचा, दरबारी मध्यरात्रीचा. रागांची वेळ मोडणं मला मान्य नव्हतं. त्यामुळे संध्याकाळी मारवा लावायचा, तो वीसेक मिनिटांत संपला की जेवायचं, बातम्या ऐकायच्या, शतपावली करायची, डुलक्या घ्यायच्या, आणि बारा वाजता उठून तबकडी पालटायची. बहुतेक रात्री मी मारव्यातच झोपी जायचो. दरबारी माझी कित्येक वर्षं ऐकायचीच राहिली होती, पण तिच्यावर मी ठिकठिकाणी बोलत होतो.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. पारा चव्वेचाळिसावर गेला की माणसं कशीबशी तग धरतात, एलपी धरत नाही. ती वाकते. आणि वाकलेल्या तबकडीवर सगळेच गवई आंदोलित गंधार घेतात. मी प्लेअरवर दिवसभर ओली सोलापुरी चादर टांगून ठेवायचो. पाहुण्यांना वाटे, घरात कुणीतरी तापानं फणफणलंय.

पुढे त्या प्लेअरची सुई झिजली. नवी पेठेत राहणाऱ्या माणसाला काही कमी पडत नाही म्हणतात. लग्नाचा बस्ता, चपला, घड्याळं, कुकरची शिट्टी, सगळं घराखाली. मी एका मोबाइलच्या दुकानात शिरलो. काउंटरवर पोरगा होता, कानांत इअरफोन.

"रेकॉर्ड प्लेअरची सुई मिळेल का?"

त्यानं एक कान मोकळा केला. "सुई? मशिनची असंल तर पलीकडं बघा की ओ काका."

पलीकडे शिलाई मशिनचं दुकान होतं. तिथल्या गृहस्थांनी आदरानं मला सुयांचे सगळे नंबर दाखवले.

आता इथे मला व्हॉयेजर यानाबद्दल बोललंच पाहिजे. सुईचा विषय निघाला की मी तिकडे जातो. घरचे तेव्हा उठून कामाला लागतात. 1977 साली अमेरिकेच्या नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीनं तीवर पृथ्वीवरचं निवडक संगीत घेतलं. एकूण 27 तुकडे, साधारण नव्वद मिनिटं. सगळ्या पृथ्वीचा संग्रह नव्वद मिनिटांचा! माझ्याकडे नुसते यमनच त्याहून जास्त आहेत. आणि त्या 27 तुकड्यांत हिंदुस्थानचा एकच: गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी. बाख आहे, बीथोव्हन आहे, आणि शेवटून तिसऱ्या केसरबाई.

श्रोता तयारीचा नसला तर बाईंची नजर कशी होई, हे जुने लोक कानाला हात लावून सांगायचे. आता त्या अशा श्रोत्यांकडे निघाल्यात, ज्यांना कान आहेत की नाहीत याचीच खात्री नाही. त्यातून समितीनं पाठवली भैरवी. मैफल मिटवायचा राग पहिल्या भेटीला! परग्रहावरचे कुणी जाणकार असतील तर पहिल्याच षड्जाला उठून चपला शोधायला लागतील. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबरला, आणि त्याच महिन्याच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. यान आज दोन हजार कोटी किलोमीटरच्याही पुढे आहे. एवढ्या लांबचा दौरा आपल्याकडच्या कुठल्याच गवयानं केलेला नाही, आणि बिदागीवाचून तर नाहीच नाही.

अजून सांगतो. त्या तबकडीवर 55 भाषांतून नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे, कन्नड आहे, तेलुगू आहे आणि उर्दूही आहे. म्हणजे ज्या चार भाषांत आमच्या सोलापुरात भाजीचा भाव होतो, त्या चारही. बाहेरच्या विश्वाला हे सगळे नमस्कार-चमत्कार न अडखळता कळायचे असतील, तर तिकडचा प्राणी कन्ना चौकातला असणं भाग आहे. पण माझं काळीज जातं ते वेगळ्याच गोष्टीवर. तबकडी मिनिटाला साडेसोळा फेऱ्यांच्या आसपास फिरवायची, हे त्या लोकांनी आवरणावर चित्रं कोरून समजावलंय, आणि सोबत वाजवायची सुई दिली आहे. सुई! अंतराळात सुई पोचली, नवी पेठेत नाही.

असो. सुईअभावी मी कॅसेटकडे वळलो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचं, अलूरकरांच्या दुकानात मैफलींच्या कॅसेट चाळायच्या आणि रात्री पिशवी छातीशी धरून परत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, हा नियम कॅसेटला ठाऊक असतो, मालकंसाला नसतो. माझ्याकडच्या एका मालकंसात गवई तान घेऊन समेकडे झेपावतात आणि नेमकं तिथे बटण खट्‌कन वर येतं. दुसऱ्या बाजूला ते सम घेऊन पुढे निघालेले असतात. आता तोच मालकंस सलग मिळतो. तो ऐकताना मला त्या जागी सम लागत नाही, खटका लागतो. दाद मी अजून खटक्याला देतो.

पण या धंद्यातलं खरं नाणं म्हणजे खाजगी ध्वनिमुद्रणं. ती विकत मिळत नाहीत. ती एका शपथेवर मिळतात. देणारा आधी दार लावतो, मग आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "तुमच्यासाठी म्हणून देतोय. कुणाला देऊ नका." त्यालाही ती कुणीतरी याच शब्दांत दिलेली असतात. महाराष्ट्रात आणि धारवाड-हुबळीकडे जेवढी म्हणून मैफलींची ध्वनिमुद्रणं पसरली, ती ही शपथ प्रत्येक टप्प्यावर मोडली गेली म्हणून पसरली. माझी बहादुरी तोडी अशीच आली. गाव आणि साल मी कुणाला सांगत नाही, कारण मलाही माहीत नाही. तिच्यात स्थायी भरताना एक श्रोता खोकतो. जोरकस, छातीतला, ऐन समेवरचा खोकला. ती प्रत अस्सल की नक्कल, हे मी त्या खोकल्यावरून ओळखतो.

मात्र आमच्यात काहीजण शपथ पाळणारे निघाले. असे एक गृहस्थ आमच्याच गावात होते. नाव सांगत नाही. त्यांच्या कपाटात पन्नास-साठ सालांतली स्पुलं होती. उन्हाळ्यात त्या कपाटासमोर ते स्वतःचा पंखा वळवून ठेवत. प्रत मागितली की म्हणत, "शब्द दिलाय." ते गेल्यावर मुलांनी कपाट उघडलं तेव्हा फितींवर पांढरी बुरशी होती आणि थर एकमेकांना चिकटले होते. कॅसेट तेवढ्या बऱ्या होत्या, त्या भंगारात गेल्या. मुलांचा काय दोष? त्यांना बापानं कधी त्यातलं काही ऐकू दिलं नव्हतं. पुढे मंगळवेढ्याच्या वाटेवर एका शेतात मी कॅसेटच्या फिती ताणलेल्या पाहिल्या. पाखरं ज्वारीवर बसू नयेत म्हणून शेतकरी बांधतात. ऊन लागलं की त्या चमकतात आणि वारा आला की घुमतात. त्या नक्की कुठून आल्या, मी विचारलं नाही. मालदांडी ज्वारी राखायला कुणाची तोडी लागली असेल तर तिथं ती निदान वाजत तरी होती.

मला चीड येते ती इथे. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्याच्या वीस वर्षं आधी कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर चढलं होतं. तरी बुवांचा आवाज आज कुठेच ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत होते, त्यांचीही तबकडी बाजारात आली नाही. खाँसाहेब कसे गात, याचा अंदाज आम्ही केसरबाईंवरून, मोगूबाईंवरून, आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकलेल्या मन्सूरांवरून बांधतो. त्यांच्या बाबतीत यंत्र आणि गळा यांची गाठ पडली नाही, म्हणून हळहळायचं. पण जिथे ती पडली, कुणीतरी सतरंजीच्या टोकाला बसून, मशिन मांडीशी घेऊन रात्रभर फिती बदलल्या, तिथला आवाज आम्ही कपाटात कोंडून मारला. तोही गाण्यावरच्या प्रेमापोटी! या प्रेमाची मला अलीकडे भीती वाटते, कारण ते माझ्याच कपाटात सगळ्यात जास्त आहे.

तेव्हा मी ठरवलं, वाटून टाकायचं. सुरुवात मुकुटमण्यापासून. मोबाइलच्या त्याच दुकानात गेलो, बहादुरी तोडी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला. पोरगा तोच. म्हटलं, निदान या पोराच्या कानावर काही चांगलं पडू दे. "हे बघ," मी सुरुवात केली, "हे मल्लिकार्जुन मन्सूर. फार दुर्मिळ आहे."

त्यानं दोन सेकंद ऐकलं. "हे होय? खोकल्यावालं!"

मी काउंटरचा आधार घेतला.

"आज्जा रोज सकाळी मन्सूरांची वचनं लावायचे की," तो म्हणाला. वचनं म्हणजे कन्नडमधली. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार. "तिथनं शोधत गेलो. राग-बिग मला कळत नाय काका. पण हे खोकल्यावालं भारी हाय. रोज शटर उघडताना लावतो." मग माझी प्रत पुढे-मागे सरकवत त्यानं निकाल दिला, "तुमचं सुरुवातीला तुटलंय. माझ्यात आधीचं पाच-सहा मिनिटं हाय."

ज्या ध्वनिमुद्रणाच्या जोरावर मी बरीच वर्षं लोकांचे चेहरे उतरवले, ते रोज सकाळी शटरच्या खडखडाटात नवी पेठेत वाजत होतं, पूर्ण, आणि मी माडीवर बसून त्याची यादी करत होतो. राग न कळणाऱ्या माणसाला ते तोंडपाठ होतं. माझा चेहरा त्या वेळी कोणत्या लयीत उतरला, ते बघायला नेमका कुणी संग्राहक हजर नव्हता.

"बाळा," मी म्हणालो. हा सूर मी आजवर फक्त स्पूलवाल्यांसमोर लावलेला आहे. "ती तुझी प्रत मला मिळेल का?"

तो जरा घुटमळला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी आवाज खाली आणून म्हणाला, "देतो की. पण काका, कुणाला देऊ नका. ज्यांनी दिलं त्यांना शब्द दिलाय मी."

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पांजरापोळ चौक येईपर्यंत कुणाकुणाला पाठवायचं, ती यादी पक्की झाली होती. या खेपेला नावं सांकेतिक अक्षरांत लिहिली नाहीत.