येवल्याला नुसतं बघायला: नवशिक्या जोडप्यांसाठी हिवाळी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नाशिककर जोडप्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या जोडप्यांनी वापरल्यास हरकत नाही, मात्र त्यांनी मुक्कामाचा एक दिवस वाढवावा आणि स्वेटर खरोखरचा आणावा.

प्रसंग असा असतो. डिसेंबर संपत आलेला. धबधबे आटलेले, वाइनरीत गेल्या वर्षी जाऊन झालेलं, त्र्यंबकच्या रस्त्याला गाड्यांची रांग. अशा वेळी दोघांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘येवल्याला जाऊ या का? घ्यायचं काही नाहीये, नुसत्या पैठण्या बघून येऊ.’ हे वाक्य कुणी उच्चारलं ते नीट लक्षात ठेवावं. संध्याकाळी दोघंही म्हणणार आहेत की ते समोरच्याने उच्चारलं होतं.

पूर्वतयारी

नाशिक जिल्ह्यातली थंडी हा चेष्टेचा विषय नाही. वाटेत निफाड लागतं, आणि निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत पेपरात येते. शाल, कानटोपी वगैरे घ्यालच. नवशिके विसरतात ते मोजे. पैठणीच्या दुकानात पांढरी चादर घातलेल्या गादीवर मांडी घालून बसायचं असतं आणि बूट दाराशी काढायचे असतात. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला माणूस पुढचे दोन तास तो अंगठा दुसऱ्या पायाखाली दडवण्यात घालवतो आणि समोर काय उलगडलं जातंय याकडे त्याचं लक्ष राहत नाही. सबब मोजे आदल्या रात्री तपासावेत.

बाईंनी समोरून उघडणारा स्वेटर घालावा. दुकानदार पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभं करतो. गळाबंद लोकरी स्वेटरवर कुठलीही पैठणी बघितली तरी ती स्वेटरसारखीच दिसते. कानटोपीही त्या वेळी काढावी.

बजेट ठरवून निघावं असं सगळेच सांगतात. ठरवावं, मन रमतं.

रस्ता

नाशिकहून येवला सुमारे ८० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने: चांदोरी, निफाड, विंचूर, येवला. सकाळी लवकर निघालात तर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि त्यांच्यावर उतरलेलं धुकं. इथे ‘काय गुलाबी थंडी आहे!’ असं म्हणण्याची प्रथा आहे. म्हणताना गाडीची काच वर असू द्यावी, कारण बाहेर बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करत रात्रभर जागलेला माणूस उभा असू शकतो. पारा असा घसरला की द्राक्षमणी तडकतात, वाढ थांबते. मग पहाटे ठिबक सुरू करा, बांधावर शेकोट्या लावा, एवढं त्याच्या हातात उरतं. त्याच्या लेखी त्या थंडीला कसलाही रंग नसतो.

निफाडच्या आसपास नवरा नांदूरमध्यमेश्वरचा फाटा सुचवतो. हे पक्षी अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं आणि हिवाळ्यात तिथे बदकं, करकोचे मुबलक असतात, हे सगळं खरंच आहे. पण सुचवण्यामागचा हेतू असा की पक्षी बघता बघता दुपार होईल आणि दुकानांना कमी वेळ उरेल. बाईंनी खुशाल हो म्हणावं. येवल्यातली दुकानं दुपारी पक्ष्यांसारखी उडून जात नाहीत.

विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर. लाल कांद्याचा हंगाम असतो, लासलगाव जवळच, त्यामुळे थांबावं लागतं. त्या वेळात शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला आजचा भाव विचारून ठेवा. पुढे दुकानात नवऱ्याला बोलायला काही नसतं. कांद्याचा भाव माहीत असला की दुकानदाराशी अर्धा तास सहज निघतो.

आधी माग

या मार्गदर्शिकेतली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा: दुकानाच्या आधी माग बघा. येवल्यातल्या विंचूर चौफुलीवर पोहोचलात की पैठण्यांच्या पाट्या सुरू होतात आणि नवशिके पहिल्याच काचेच्या दारातून आत शिरतात. तसं करू नये.

येवल्याच्या जुन्या गल्ल्यांत, नाहीतर शेजारच्या नागडे गावात शिरा. फणीची ठकठक ऐकू येईल तिथे थांबा, दारातून ‘बघू का जरा?’ असं विचारा. नाही म्हणणारं घर विरळा. पुढच्या खोलीचा बहुतेक भाग मागाने व्यापलेला असतो, उरलेल्या जागेत घर मावलेलं असतं. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला. समोर रेशमाचा ताणा, त्यावर विणायला घेतलेला पदर, आणि पदरातल्या मोराला जितके रंग तितक्या इवल्या कांड्या लोंबत असतात. हिरवी कांडी चार तारांखालून जाते, शेजारच्या जरीत अडकून परत येते. मग लाल. मग पुन्हा जर. या कडेपासून त्या कडेपर्यंत असं बोटांनी भरत गेल्यावर एक ओळ होते, आणि मग फणी एकदा ठोकली जाते. तुम्ही दहा मिनिटं उभे राहता, व्हिडिओ काढता, मोबाईल खिशात ठेवता. मोराची मान होती तिथेच असते.

‘दिवसाला किती होते?’ असं नवरा विचारतोच. विणकर तोंडाने उत्तर देत नाही, अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवतो. पदर भरगच्च असेल तर बोटं जवळ आणतो. साध्या एका पैठणीला महिनाभर जातो, अंगभर नक्षीची असेल तर वर्षही पुरत नाही. घरातल्या दोघा-तिघांचे हात त्यात असतात.

हे बघून झालं की पुढे किमतीची चिठ्ठी दिसल्यावर तोंडातून जो आवाज निघतो, तो थोडा खालच्या पट्टीत निघतो.

इतिहासाची हौस असेल तर एवढं पुरे: पैठणी मूळची पैठणची, पण येवल्यात विणकर वसवले ते गाव वसवणाऱ्या रघोजीबाबांनी, पेशवाईत मागणी वाढली आणि आज विणकामाचं मोठं केंद्र येवलाच आहे. माधवराव पेशव्यांनी लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी अशा रंगांची नावं देऊन असावली दुपट्टे मागवल्याचं सांगतात. म्हणजे पेशव्यांनीही रंग आधी ठरवून पत्र धाडलं, गादीवर येऊन बसले नाहीत. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्याही आधी, २००४ पासून, टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’मुळे ती संध्याकाळी साडेसहाला घरोघरी पोचलेली होतीच.

गादीवर

आत गेल्यावर ‘या ताई, या दादा’ होतं आणि चहा सांगितला जातो. चहा येतोच. तो घेतल्याने काही घ्यावंच लागतं असं नाही, पण प्यायल्यावर तसं वाटायला लागतं.

‘नुसतं बघायचंय हं,’ असं तुम्ही म्हणता. ‘बघायलाच काढलंय दुकान,’ असं उत्तर मिळतं. मग कपाटातून घड्या येऊ लागतात आणि समोर उलगडतात, एकीवर एक. कोऱ्या घड्या आपल्यासाठी मोडल्या जाताहेत म्हणून नवशिक्यांचा जीव कासावीस होतो, ‘राहू द्या, राहू द्या’ सुरू होतं. काही गरज नाही. आत एक मुलगा फक्त घड्या घालायला ठेवलेला असतो आणि तो तुमच्याकडे बघतही नाही.

नवऱ्याला प्रत्येक साडीबद्दल मत विचारलं जाईल. ‘छान आहे’ हे उत्तर पहिल्या दोनदा चालतं. तिसऱ्यांदा ‘तुला काय सगळंच छान दिसतं’ असा ठपका येतो. म्हणून थोडा शब्दसंग्रह हाताशी असावा. काठ नारळी असतो, पंखा असतो, मुनिया असते; पदरावर बांगडी मोर, असावली, कुयरी. ‘हिरवा’ असं म्हणू नये, राघू म्हणावं. निव्वळ काळी आणि लाल काठाची ती चंद्रकळा, शुभ्र पांढरी ती शिरोदक. याखेरीज आमसुली, अंजिरी, वांगी, कुसुंबी. शब्द आठवला नाही तर मात्र स्वतःचे बनवू नयेत. सकाळी नांदूरमध्यमेश्वरला जांभळी पाणकोंबडी बघून आलेला नवरा इथे ‘मघाच्या त्या पाणकोंबडीच्या रंगाची आहे का?’ असं विचारतो. बायको भिंतीकडे बघते. दुकानदार मात्र क्षणभर विचार करून हाक मारतो, ‘अरे, चिंतामणी रंग काढ रे त्यातला.’ आणि बरोबर तोच रंग येतो. ही माणसं रोज गिऱ्हाईकांच्या बोलण्यातून रंग शोधून काढतात.

खरी, सेमी आणि शंका

पदर उलटा करून बघा. पारंपरिक विणीच्या हातमागाच्या पदराला मागची बाजू अशी नसतेच. मोर पाठीमागूनही मोरच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. मागे कापलेल्या किंवा लांबच लांब पळणाऱ्या धाग्यांची जाळी दिसली की ते यंत्रमागाचं नाहीतर जॅकार्डचं काम समजावं. काठाच्या नक्षीत बारीक फरक, एखादा मोर शेजाऱ्यापेक्षा जाड, हे हाताचं लक्षण. सगळे मोर एकाच मापाचे असतील तर मशीनचा संशय घ्यावा. रेशमासाठी सिल्क मार्कची, मागासाठी हँडलूम मार्कची चिठ्ठी असते, ती मागावी. जर बहुतेक सुरतेहून येते आणि आजकाल ती सोन्याचांदीची क्वचितच असते. दुकानदार ‘टेस्टेड’, म्हणजे सोन्याचांदीची नसलेली, म्हणाला तर तो प्रामाणिकपणे सांगतोय. धागा जाळून जळक्या केसांचा वास येतो का बघण्याची जी परीक्षा व्हॉट्सअॅपवर फिरते, ती बरोबर आहे, पण गादीवर काडेपेटी काढू नये.

अशी यंत्रमागाची वा जॅकार्डची सेमी पैठणी वाईट नव्हे. भाचीच्या लग्नात दोन तास नेसायला उत्तम. फक्त सेमीला सेमीचेच पैसे द्यावेत.

मोठा धोका

तो वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी सावध करत नाही. तिसऱ्या दुकानाच्या सुमाराला नवऱ्याला कळायला लागतं. सकाळी माग बघितलेला असतो, उलटी बाजू तपासायची विद्या नुकतीच मिळालेली असते, नारळी काठ ओळखता येऊ लागलेला असतो. बायको थकून म्हणते, ‘ही घेऊ या आणि निघू.’ तर हा म्हणतो, ‘थांब गं, याचा पदर जरा विरळ वाटतोय. दादा, याच्यात दुहेरी पदर आहे का?’ मोजा फाटका असेल तर तोही आता त्याला आठवत नाही. बाहेर अंधार पडतो, थंडी वाढते, मुलाच्या घड्यांचा ढीग वाढतो, आणि बाई भिंतीला टेकून दुसरा चहा पितात. यावर उपाय नाही. फक्त ज्याच्या खात्यातून पैसे जाणार आहेत, त्याला या अवस्थेत एकटं सोडू नये.

भाव

हातमागाची पैठणी बहुधा पाच आकड्यांत बोलायला लागते आणि सहा आकड्यांत जाते. ‘शेवटचं किती?’ हे एकदा विचारावं. ते विचारलं नाही तर दुकानदारालाही चुकल्यासारखं होतं. अर्ध्या किमतीला मात्र मागू नये. सकाळी ज्याने बोटं ताणून दाखवली होती, त्याच्यासमोर तो आकडा तुमच्याच्याने बोलवला नसता. परवडत नसेल तर स्वच्छ सांगून उठावं, त्यात कमीपणा नाही. गादीवरून मोकळ्या हातांनी उठणारं गिऱ्हाईक त्यांनी भरपूर पाहिलेलं असतं.

नवविवाहितांची पहिली संक्रांत असेल तर प्रश्न लवकर सुटतो: काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. त्यात सासूबाईंचं मत आधीच कळलेलं असतं.

पिशवी गाडीत ठेवली की लगेच परत फिरू नका. याच गावात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मुक्तिभूमीचं स्मारक बघून या. तात्या टोपेही मूळचे येवल्याचेच. साडीच्या गावात केवळ साडीपुरतं येऊन जाणं बरोबर नव्हे, आणि दिवसभर मांडी घालून बसलेल्या पायांनाही चाल हवी असते.

तारीख निवडताना

भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस खरेदीसाठी टाळा. त्या दिवसांत सगळं येवला गच्चीवर असतं, हातात मांजाची आसारी, खाली हलकडी वाद्याचा दणका. मागही थांबतात आणि बाजारही. तुम्हाला चंद्रकळा दाखवणारा माणूस वर कुणाचा तरी पतंग कापत असतो आणि तो खाली येणार नाही. साडी हवी असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जा. पतंग बघायचे असतील तर संक्रांतीला जा, पण दुचाकीवर असाल तर गळ्याला मफलर घट्ट गुंडाळा. हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली तरी नायलॉन मांजा अजून विकला जातो आणि गळे कापतो. तुम्ही पतंग उडवणार असाल तर तसला मांजा विकत घेऊ नका.