हिरकणीचा कक्ष

रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाल्यावर घरच्या भुकेल्या तान्ह्यासाठी जीव कासावीस झालेली हिरकणी गवळण रात्री कडा उतरून गेली व महाराजांनी तिचा गौरव करून तेथे बुरूज बांधविला, अशी आख्यायिका आहे; आमच्या काळात तिच्या नावाने बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ उघडण्यात आले आणि इतिहासाशी इमान राखावे म्हणून की काय, त्यांतील कित्येकांचे दरवाजे बंदच ठेवण्यात आले. किल्ली साहेबांपाशी, साहेब चहाला, आणि खिडकीतून डोकावावे तर आत मोडके बाकडे, झाडू व स्तनपान सप्ताहाचा धूळ खात पडलेला फलक, असा एकंदर चोख बंदोबस्त! बाहेर बाळ टाहो फोडते, आणि एरवी मातृत्वाच्या महतीने सद्गदित होणारे गृहस्थ पदर सावरणाऱ्या मातेकडे टक लावून पाहतात.

घरी तरी काय? पहिले दोन-तीन दिवस चमचा-चमचा येणारा चीकच अर्भकास पुरतो, हे वैद्यकशास्त्र सांगत असता, ‘हिच्या अंगावर दूधच नाही’ असा निवाडा आत्याबाई उंबरठ्यातूनच देतात आणि मधाचे बोट पुढे करतात.

राहता राहिली कचेरी. कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेस रोज दोन स्तनपान-विराम बहाल केले आहेत. बाळ डोंबिवलीस व मेज चर्चगेटला असता त्या विरामांत नेमके कोणास पाजावे, याचा विचार तिने लोकलमध्ये उभ्याने करावयाचा असतो.