एक फाइल, अख्खं ऑफिस

डेटाबेससाठी सर्व्हर उभारणाऱ्यांची आम्हाला कीव येते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एकच फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी आणि साऱ्या ऑफिसने ती एकदम उघडावी, याहून उदात्त सहकार कोणता? कागदोपत्री 255 जणांना मुभा आहे. शेजारी इवलीशी लॉक फाइल उगवते, कोणकोणते कॉम्प्युटर आत आहेत ते टिपून ठेवते. वायफायवर नोंद करता करता एखाद्याने लॅपटॉप मिटला की फाइल बिघडू शकते. मग ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’साठी हाळी उठते, “सगळ्यांनी बाहेर पडा हो!” भर कामाच्या वेळात अधिकृत चहा पाजणारी दुसरी प्रणाली दाखवा.

पुरोगामी मंडळी एसक्यूलाइट या तशाच एकफाइली प्रणालीकडे वळली. तिथे एका वेळी एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी ताटकळायचं. नेटवर्कवरच्या फाइलवर हे कुलूप भरवशाचं नाही, असं तिचे कर्तेच बजावतात. पण कर्त्यांचं ऐकायची आपल्याकडे पद्धत नाही.

आमची नम्र सूचना : फाइल एकाच टेबलावर ठेवावी. तिला हात फक्त एकाने लावावा. बाकीच्यांनी आपापली मागणी चिठ्ठीवर लिहून त्याच्याकडे द्यावी. परदेशात याला सर्व्हर म्हणतात; आपण ‘अभिनव उपक्रम’ म्हणू.

पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा तयार डेटाबेस सर्व्हर तर फुकट मिळतो. म्हणूनच बहुधा त्याला किंमत नाही.