विनाइंजिनाच्या विमानांचा धंदा : भद्रावतीकर नवशिक्यांसाठी

कोळसा, धान आणि तेंदूपत्ता या तिन्ही धंद्यांत आधीच गर्दी झाली आहे. ग्लायडर, बलून आणि इंजिन नसलेल्या इतर विमानांच्या आयात-निर्यातीत मात्र भद्रावतीत अजून कुणी उतरलेलं दिसत नाही. तेव्हा संधी आहे. भांदक स्टेशनच्या बाहेर गाळा भाड्याने घेण्याआधी एवढं वाचून घ्या.

आधी आकडे पाठ करा. जगभरातले सीमाशुल्क अधिकारी मालाकडे नंतर आणि क्रमांकाकडे आधी पाहतात. आपला क्रमांक ८८०१. फुगे, वायुपोत, ग्लायडर, हँग ग्लायडर आणि विनाइंजिनाची उरलेली सगळी मंडळी यात बसतात. वायुपोत सोडले तर इंजिन आलं की ८८०२. पॅराग्लायडरला इंजिन नसतं म्हणून तो आपल्यात येईल असं वाटेल, पण तो ८८०४ मध्ये पॅराशूटच्या घरी नांदतो. ड्रोनला २०२२ पासून ८८०६ हे स्वतंत्र बिऱ्हाड मिळालं. जत्रेतला फुगा ९५०३, म्हणजे खेळणं. हवामान खात्याचा फुगा मात्र विमान. तोही रबराचाच; फरक रबराच्या दर्जात आणि फुगवायच्या तोंडाच्या लांबीत. लांब मानेचा तो शास्त्रज्ञ, आखूड मानेचा तो पोरांचा. नागपूरचं हवामान केंद्र असे फुगे रोज दोनदा सोडतं. ते तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतात आणि खात्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे लागतात. इतकं नियमित गिऱ्हाईक किराणा दुकानालाही मिळत नाही.

पुढची पायरी आयात-निर्यात परवाना क्रमांक. तो ऑनलाइन मिळतो, पॅन कार्ड जवळ ठेवा. विमानासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची कागदपत्रं वेगळी. त्यांबद्दल इथे लिहीत नाही, कारण ती वाचून बरेच नवशिके परत तेंदूपत्त्याकडे वळतील.

आता खरेदी. ग्लायडर घ्यायचा तर जर्मनी. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा पोरं वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जाऊन विनाइंजिनाचीच उडवू लागली. १९२० पासून तिथे स्पर्धा भरल्या, १९२७ मध्ये त्याच डोंगराच्या पायथ्याशी अलेक्झांडर श्लायखरचा कारखाना निघाला आणि तो आजही ग्लायडर बनवतो. बंदी घालून एखादा उद्योग कसा उभा करावा हे दोस्तराष्ट्रांकडून शिकावं. बलूनसाठी इंग्लंडमधलं ब्रिस्टल. तिथली कॅमेरॉन कंपनी १९७१ पासूनची. स्वस्तात जुना माल बघाल तर चेकोस्लोव्हाकियाचा ब्लानिक समोर येईल. जगभरच्या क्लबांत पिढ्यान् पिढ्या त्यावर शिकल्या. पण २०१० मध्ये ऑस्ट्रियात एकाचा पंख हवेतच तुटला आणि त्या जातीची विमानं जगभर जमिनीवर बसवली गेली. जुनी मोटारसायकल घेताना आपण टायर दाबून बघतो, तेवढ्यावर इथे भागत नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘का गा भाऊ, ॲव्हरेज किती देते?’ घाबरू नका. चांगला आधुनिक ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून निघाला तर शांत हवेत चाळीस-पन्नास किलोमीटर तरंगत जातो. म्हणजे भद्रावतीवर सोडला तर चंद्रपूर ओलांडूनही उंची शिल्लक. पेट्रोल शून्य. ‘मग वर कसा न्यायचा?’ हा दुसरा प्रश्न तो विचारेलच. वर नेणारी विंच किंवा दोरीने ओढणारं विमान वेगळं विकत घ्यावं लागतं हे तेव्हा सांगा, पण हळूच सांगा.

गरम हवेचा बलून विकणार असाल तर वेळापत्रक पक्कं ठेवा. हा फुगा तरंगतो तो आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते म्हणून. कापड जपायचं तर आतली हवा साधारण शंभर अंशांपुढे फार नेता येत नाही. जानेवारीत पहाटे बाहेर दहा अंश असले की तो जेवढं वजन उचलतो, त्याच्या जवळपास निम्मंच पंचेचाळीस अंशांत उचलेल. आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे भद्रावतीकराला सांगायला नको. उन्हाळ्यात आख्खं कुटुंब बसवून फेरी मारण्याचा बेत असेल तर अर्धं कुटुंब खाली ठेवा.

उडवायचा कुठे, हा खरा पेच. गावाला लागून आयुध निर्माणी आहे. तिच्या डोक्यावरून टोपलीत बसून हात हलवत जाणं कुणालाच आवडणार नाही. दुसऱ्या अंगाला ताडोबा. संरक्षित जंगलांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रासाठी केंद्राने २०११ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत राष्ट्रीय उद्यानावरून पर्यटनासाठी बलून नेण्याचा निषिद्ध कामांत नावानिशी उल्लेख आहे. वाघ वर बघत नाही, असा युक्तिवाद करून बघायला हरकत नाही.

त्यापेक्षा निर्यात बरी. बलूनची टोपली अजूनही हाताने विणतात, कारण उतरताना दणका बसला की वेत लवतो, पत्रा वाकतो. आपल्या जिल्ह्यात बांबू आहे, विणणारे बुरूड आहेत, चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र आहे. माणसं लटकवायची म्हणून मापं आणि चाचण्या कडक असतील, पण हे मला या सगळ्या धंद्यातलं एकमेव शहाणपणाचं कलम वाटतं. फक्त कागदावर ‘बलूनचा सुटा भाग’, ८८०७, असं ठळक लिहा. नाहीतर अधिकारी तिला सेहेचाळिसाव्या प्रकरणात, टोपल्या-चटयांमध्ये, ढकलायचा.

शेवटचा प्रकार आयातीचा, आणि यात चंद्रपूर जिल्ह्याचा हात कुणी धरू शकणार नाही. इथे माल मागवावा लागत नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. आसपासच्या गावांत गोळेही सापडले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा जाणकारांचा अंदाज. बिल ऑफ एंट्री नाही, शुल्क नाही, उत्पत्तीच्या देशाचा दाखला नाही. कडं पोलीस ठाण्यात जमा झालं. सुट्या भागांचा तोच ८८०७ क्रमांक त्यालाही शोभला असता, पण विचारायला सीमाशुल्क अधिकारी होता कुठे?

हैदराबादहून येणारा माल त्यामानाने सभ्य. टाटा मूलभूत संशोधन संस्था तिथून पॉलिथिनचे हायड्रोजन भरलेले फुगे सोडते; पूर्ण फुगल्यावर त्यांचा व्यास पन्नास मीटरांच्या पुढे जातो. तीस-चाळीस किलोमीटरवर वातावरण तपासून झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, आणि वारा तसा असला तर दोन-तीनशे किलोमीटर दूरही. भद्रावती हैदराबादहून सरळ रेषेत तीनशेच्या आसपास. बाटल नावाच्या वातावरण तपासण्याच्या मोहिमेत तर नासा आणि इस्रोने मिळून तिथून फुगे सोडले, तेव्हा मालाला परदेशाचाही वास आहे. शेतात अशी पेटी सापडली तर उघडू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते. पोलीस पाटलाला कळवा आणि पेटी जशीच्या तशी राखा. न छेडलेल्या पेटीलाच बक्षीस मिळतं, कळवण्याचा वाजवी खर्चही मिळतो. ऑटोने गेलात तर भाडं किती झालं ते चिठ्ठीवर लिहून घ्या.