भाऊजींच्या कानावर घाला

अहो वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. मिरच्यांना पाणी मग घाला. आणि हळू बोलू या, कोपऱ्यावरच्यांचं गॅरेज उघडं आहे. मराठी कळत नाही हे खरं, पण ‘एचओए’ एवढं कळतं की!

परवाच्या एचओएच्या, म्हणजे कॉलनीच्या कमिटीच्या, मीटिंगमध्ये कुणीतरी तक्रार घातली म्हणे. कोपऱ्यावरच्या घरातून उग्र वास येतो, आजोबा दार अर्धं ओढून आत काहीतरी करत बसतात, गाडी बर्फ वितळल्यापासून बाहेरच उभी. सूनबाई सांगत होती. आणि यंदा कमिटीवर आपले भाऊजी, म्हणजे नोटीस त्यांच्याच सहीने जायची. म्हटलं, ती निघायच्या आत तुमच्या कानावर घालावं, मग तुम्ही त्यांच्या कानावर घालाल.

भानगड काही नाही हो. विमान आहे ते.

हसता काय! खरंच विमान. एका माणसापुरतं, नळ्यांच्या सांगाड्याचं. पहिल्या मालकाने किट मागवून घरीच जोडलेलं, ह्या आजोबांनी ते जुनं घेतलं. पंख सुटे होतात म्हणून गॅरेजात मावलं. आता त्यावरचं जुनं कापड उतरवून नवं चढवतायत. कापड म्हणजे कापडच की, मागावर विणलेलं. पॉलिस्टर.

मी कशाला जाते? बोलावलं म्हणून गेले. नातवाला फिरवताना त्या आजीबाई भेटल्या, बोलता बोलता सांगितलं, माहेर इचलकरंजीचं, दारात माग होते. झालं, त्यांनी नवऱ्याला हाक मारली. त्यांनी कापडाची चिंधी माझ्या हातात दिली. मी धागा उसवून बघितला, उजेडात धरली आणि म्हटलं, हे तर कोरं आहे, आटवलेलं नाही. केवढे खूष झाले! माझं इंग्रजी आणि त्यांचं कापडातलं ज्ञान, दोन्ही बेताचंच. पण जमलं आमचं.

कायद्यात बसतं का, मीही आधी तेच विचारलं. बसतं. १९८२ पासून इथे अमेरिकेत नियमच आहे. रिकाम्या विमानाचं वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे आपल्या हिशेबाने ११५ किलो. खुर्ची एक. पेट्रोल फार तर पाच गॅलन. वेग ५५ नॉट्सपर्यंत, म्हणजे तासाला शंभरेक किलोमीटर. एवढ्यात बसलं तर ना नोंदणी लागत, ना लायसन. मात्र उडवायचं उजेडी, आणि भरवस्तीवरून नाही. तेव्हा आपल्या कॉलनीवरून घिरट्या घालतील अशी भीती कुणाला असेल तर तीही भाऊजींनी काढून टाकावी.

त्या ११५ किलोंपायीच सगळा जीव टांगलेला असतो बघा. रंगाचा एक हात जास्त बसला की वजन वाढलं. पहिल्या मालकाने नेमकी तिथेच काटकसर केली असणार. जुनं कापड वरून छान दिसत होतं, लालभडक. आजोबांनी अंगठा दाबला आणि अंगठा आरपार! पॉलिस्टर ओलाव्याने कुजत नाही, पण उन्हातले अतिनील किरण त्याला खातात. म्हणून वरच्या रंगाखाली चंदेरी थर द्यायचा असतो, ॲल्युमिनियमची भुकटी कालवलेला. ऊन तिथेच अडतं. लोक विमान बघितलं की रंगाचं कौतुक करतात, पण रंग नुसता मिरवायला. कापडाचं आयुष्य त्या चंदेरी हातावर. तो पातळ दिला, वर विमान उघड्यावर बांधून ठेवलं, मग काय होणार!

कापड उतरवलं तर आत उंदरांचं बाळंतघर. कापूस, कागद, पिल्लं, सगळा संसार. उंदराचं मूत ॲल्युमिनियमला लागलं की धातू खायला लागतो. खालच्या पोलादी नळीवर गंजही होता. आजोबा म्हणाले ते मला पटलं, कापड बदलणं हे निमित्त, खरी तपासणी सांगाड्याची. एरवी आतलं कुणाला दिसतंय? सगळं घासलं, गंज काढला, वर इपॉक्सी दिली. साधा प्रायमर चालत नाही, कापडाच्या गोंदाने तो सुटून येतो.

आता इस्त्रीचं ऐका. कापड पंखावर ताणून बसवायचं नसतं. आधी खालच्या बाजूला, मग वरच्या, कडांना गोंद, आणि मधे सुरकुत्या राहिल्या तरी राहू द्यायच्या. मग इस्त्री फिरवायची. आधी २५० अंशांवर. हो, फॅरनहाइट, आपले १२१. कापड आटत जातं, सुरकुत्या डोळ्यांदेखत निघून जातात. मग आणखी तापवायची, शेवटची ३५० वर, म्हणजे १७७ सेल्सिअस. त्याच्या वर गेलात की ताण बसायच्या ऐवजी सुटायला लागतो, आणि आणखी वर गेलात तर भोक. हलक्या नळ्यांच्या विमानात तर जास्तच जपावं लागतं. कापडाला एवढी ओढ असते की पंखाची मागची पातळ कड वाकडी होते. मला खोटं वाटलं होतं. मग टिचकी मारून बघितली, डफासारखं वाजलं.

पण इस्त्रीच्या चकतीवर भरवसा ठेवून चालत नाही. तिथे ‘कॉटन’, ‘लिनन’ लिहिलेलं, अंश कुठे? आणि हल्ली ते पिस्तुलासारखं तापमान मोजायचं यंत्र मिळतं ना, ते चकचकीत पत्र्यावर चुकीचा आकडा दाखवतं. म्हणून आजोबांनी आजीबाईंचा पाक मोजायचा थर्मामीटर पळवला. काचेचा, कँडी करताना वापरतात तो. इस्त्री तापवायची, त्याच्यावर टेकवायची, आकडा आला की चकतीवर पेनाने खूण करायची. थर्मामीटर गेला, इस्त्री गेली, आणि नाताळच्या मिठाईचं काय, हा विषय घरात अजून मिटलेला नाही. आजीबाईंनी स्वतः सांगितलं मला. तुम्ही बोलू नका.

इस्त्री झाली की टाके. टाके कशाला, गोंद आहे ना? मीही हेच विचारलं. विमान उडतं ते पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी पडतो म्हणून. म्हणजे वरचं कापड सारखं वर ओढलं जातं. नुसत्या गोंदावर सोडलं तर फासळ्यांवरून उचललं जाईल आणि पंखाचा आकारच बिघडेल. म्हणून प्रत्येक फासळीला दोऱ्याने बांधायचं. वीतभराहून लांब सुई, मेण लावलेला चपटा पॉलिस्टरचा दोरा, पंख उभा करून ठेवलेला. एकाने इकडून सुई घालायची, दुसऱ्याने पलीकडून काढून फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत द्यायची. मग गाठ. कोळी जाळं विणताना मारतात त्या जातीची गाठ, एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. आणि पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके जवळजवळ, बाकी ठिकाणी जरा लांब चालतात. मी जन्मभर वाकळा शिवल्या हो, पण वाकळ कधी उभी करून शिवली नव्हती! पलीकडून आजोबा, अलीकडून मी, मधे नातू ‘नाऊ, आजी!’ म्हणून ओरडायला. वरून कातरलेल्या कडांच्या पट्ट्या चिकटवल्या की टाका दिसतसुद्धा नाही.

आता येते वासाकडे. तिथे तक्रार खोटी नाही, कबूल. त्या गोंदात आणि गुलाबी हातात एमईके नावाचं द्रावक असतं, ते डोक्यात जातं. गुलाबीच असतो पहिला हात. ब्रशने चोळून कापडाच्या विणीत मुरवायचा. आमचा नातू आजोबांना विचारून आला, हे मुलींचं विमान आहे का!

पण ते निष्काळजी नाहीत. कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावल्याशिवाय डबा उघडत नाहीत. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, सुती साडी नेसून या, सिंथेटिक नको, ठिणगी पडते. पॉलिस्टर पुसतानासुद्धा वीज साठते, म्हणून पंखाला तार लावून ती जमिनीला जोडलेली. आणि गॅरेजातल्या गीझरला गॅसची बारकी ज्योत असते ना, ती बंद. म्हणजे ब्रशचं काम चालू असेपर्यंत आजीबाईंना गरम पाणी नाही. त्यांनी तक्रार केली का? केली, पण मला. कमिटीला नाही.

आणि पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही. राइट बंधूंनी १९०३ साली उडवलं त्या विमानाला साधी कोरी मलमल होती, वर रंगबिंग काही नाही. पुढे ताण यावा, हवा आरपार जाऊ नये म्हणून कापडावर डोप म्हणून एक द्रावण द्यायला लागले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत हे काम बायका करायच्या, आणि त्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असायचं. बंद खोलीत दिवसभर तो वाफारा. कितीकींना कावीळ झाली, काही गेल्याही. विमानांचा इतिहास सांगताना वैमानिकांची नावं घेतात हो, कापडाला डोप लावून मेलेल्या बाईचं कोण घेतं? आजोबांनी सांगितलं तेव्हा मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढे ते द्रव्य काढून टाकलं, पण जुन्या नायट्रेट डोपला आगीचं भय होतंच. रे स्टिट्स म्हणून कॅलिफोर्नियातले गृहस्थ, त्यांनी पॉलिस्टरसाठी ही आजोबा वापरतात ती पद्धत काढली, आग सहज धरणार नाही अशी. म्हणजे वाळल्यावर हो. ओली असताना धरतेच, म्हणून तर गीझर बंद. ह्याच माणसाने १९५२ मध्ये तेव्हाचं जगातलं सगळ्यात लहान विमान बांधलं होतं, पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वादोन मीटरसुद्धा नाहीत. भाऊजींच्या गाडीपेक्षा लहान!

भाऊजी विचारतील ते मला ठाऊक आहे. पाण्यातला, वास न येणारा रंग मिळत नाही का? मिळतो. विमानाच्या कापडासाठी तसलीही पद्धत आहे, चांगली आहे म्हणतात. पण एकदा एक पद्धत धरली की गोंदापासून वरच्या रंगापर्यंत तीच न्यायची. खाली एकाचं, वर दुसऱ्याचं केलं तर थर एकमेकांना धरत नाहीत, सोलून निघतात. आकाशात सोललं तर? तेव्हा अर्ध्या वाटेवर बदला म्हणायचं नाही.

आणि बदलायची गरजच नाही. ब्रशचं काम आटपत आलंय. चंदेरी आणि वरचा रंग फवाऱ्याचा असतो, तो इथे करणारच नाहीत. धावपट्टीवर ओळखीच्याचं हँगर आहे, पंख तिकडे नेणार. चंदेरी झाला की अंधारात पंखाच्या आत दिवा धरून बघायचं, उजेड बाहेर झिरपला की अजून एक हात. मला बोलावलंय बघायला. तेव्हा नोटीस निघून तिची मुदत संपेपर्यंत वासही संपलेला असेल. उगाच कागद कशाला?

शिवाय आपण राहतो कुठे ते बघा. घरी विमानं बांधणाऱ्यांची ती मोठी संघटना पॉल पोबेरेझ्नींनी १९५३ मध्ये काढली ती इथेच, आपल्या मिलवॉकीत. १९७० पासून ऑशकॉशला त्यांची जत्रा भरते, जुलैअखेर. तुमच्या मुलाने नेलं होतं की तुम्हाला, ऊन लागलं म्हणून अर्ध्यातून परत आलात. अशा राज्यात विमानावरून नोटीस काढली तर पेपरात नाव छापून येईल भाऊजींचं! आणि आपल्या मुंबईतल्या चारकोपच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीला मांडलं, तेव्हा भाऊजीच कौतुकाने सांगत होते ना? ते विमान धातूचं होतं, तिथे इस्त्री-टाक्यांचा प्रश्न नव्हता, पण आवाज काय कमी झाला असेल? गच्चीवरच्या माणसाचं कौतुक आणि शेजारच्याला नोटीस, हे बरं दिसत नाही हो.

थांबा, कुकरची शिट्टी तुमच्याकडची की आमच्याकडची? तुमच्याकडची. जा, पण एक ऐकून जा, हे मात्र भाऊजींना सांगायचं नाही. रंगावरून त्या घरात वसंतापासून धुसफुस चालू आहे. आजोबांना हवा पॅकर्सचा हिरवा-पिवळा. लाल नको, फिका पडतो. गडद रंग उन्हात तापतो. पांढऱ्याला हात जास्त लागतात म्हणून जड, आणि मागच्या हलत्या फळ्यांवर तर वजन वाढलेलं मुळीच चालत नाही, विमान फडफडायला लागतं. एवढा सगळा विचार करून शेवटी ठरलं, अंग पिवळं, आणि कडेचे पट्टे आजीबाई निवडतील. आजोबांनी धरून चाललंय की हिरवेच निवडतील.

पट्ट्यांच्या रंगाचे डबे आलेत. खोकं आमच्याकडे ठेवलंय, वॉशिंग मशीनच्या मागे. निळा आणि नारिंगी! तो कुठल्या टीमचा रंग हे मला सूनबाईने सांगितलं. आजीबाईंचं माहेर शिकागो.