शेजाऱ्याचे डोंगरावरील प्रवचन

नगरच्या ख्रिस्ती मनुष्यास धर्मप्रसाराची चिंता वाहण्याचे वस्तुतः काही कारण नाही. ज्या गावी १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने आपले ठाणे मांडले, जेथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागला, आणि जेथे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनाच्या अंगाने मराठी कानांत घातली, तेथे माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनाने सांगावे असे पूर्वसूरींनी काय शिल्लक ठेवले आहे? आमच्या पाळकसाहेबांना मात्र हे मान्य नाही. प्रवचन तासाभराचे असते, साक्ष ही अष्टौप्रहर आचरणाने द्यावयाची असते, असे ते दर रविवारी बजावतात. (प्रवचनास पाऊण तास पुरेल, हे माझे खासगी मत.)

या साक्षीची दप्तरतपासणी करणारा अंमलदार माझ्या भिंतीपलीकडेच राहतो. हे गृहस्थ ख्रिस्ती नाहीत, होण्याचा संभवही नाही. पवित्र शास्त्र त्यांनी कधी उघडून पाहिलेले नाही. पण चौकातली ख्रिस्ती कीर्तने ऐकून ऐकून, डोंगरावरील प्रवचनाचा जेवढा भाग दुसऱ्याने सोसावयाचा आहे, तेवढा त्यांस मुखोद्गत झाला आहे. त्यांच्या शेळीने माझ्या परसातली मेथी मुळासकट फस्त केली, तेव्हा मी तक्रारीचे पहिले अक्षर उच्चारण्यापूर्वीच, “भाऊसाहेब, तुमच्यात क्षमेला फार महत्त्व, नाही का?” असे विचारून त्यांनी फिर्याद परस्पर निकालात काढली. नेलेली छत्री मागावयास गेलो, तर पृथ्वीवर संपत्ती साठविण्यास तुमच्यात मनाई आहे, असा मुद्दा त्यांनी उपस्थित केला. आणि आधार बिनतोड असल्यामुळे मला भिजत घरी परतावे लागले. सारांश, माझा दुसरा गाल सरकारजमा झाला आहे.

याविषयी घरातले मत निराळे आहे. आमच्या कुटुंबाने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ इतक्या वेळा वाचली आहेत की, नवऱ्याच्या औदार्याचा खर्च अखेर कोणाच्या डब्यातून निघतो, यावर ती सप्रमाण बोलू शकते. तरीही नाताळच्या करंज्या-चकल्यांचे पहिले ताट भिंतीपलीकडेच जाते. कारण दिवाळीचे त्यांचे ताट कधी चुकलेले नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. एका नाताळात त्या ताटात मत्तयकृत शुभवर्तमानाची लहान प्रत ठेवण्याचे माझ्या मनात आले. “पुस्तक तुपकट होईल,” म्हणून तिने ती काढून ठेवली, आणि खरे सांगावयाचे तर माझा जीव भांड्यात पडला. ऐकीव माहितीवर ज्या गृहस्थाने छत्री पचविली, त्याच्या हाती समग्र मत्तय पडता, तर माझी सायकल राहती ना!

अलीकडे तर प्रसाराचे कार्य त्यांनी स्वतःच शिरावर घेतले आहे. मागल्या आळीतला एक सर्वस्वी अपरिचित मुलगा परवा शिडी मागावयास आला. माझे नाव त्यास कोणी सांगितले, असे विचारता, “नाव नाही सांगितलं. ख्रिस्ती आहेत, नाही म्हणत नाहीत, एवढंच काकांनी सांगितलं,” असे उत्तर मिळाले. मी मुकाट्याने शिडी काढून दिली. तरी तो दारात घुटमळतच उभा.

“आता काय?”

“हातोडीपण द्या ना. काका म्हणाले, यांच्यात एक मागितलं की दोन देतात.”